एकतीस तुकडे

बत्तीस नव्हेत, एकतीस. एवढ्याशा आकड्यात मी माती खाल्ली, आणि तीही छापून.

नव्वदीच्या दशकात बडोद्यातली गणिताची प्राध्यापकी सोडून मी एका साप्ताहिकात सदर लिहायला घेतलं. घरात कोणालाच पटलं नव्हतं. पण बाईसाहेबांना, म्हणजे मला, वाटे, आपण लिहिलं की गणित श्रीखंडासारखं घशाखाली उतरेल. तिसऱ्याच लेखात वर्तुळ काढलं. कडेवर ठिपके द्या, प्रत्येक ठिपका बाकी सगळ्यांशी सरळ रेषेनं जोडा, एका जागी तीन रेषा येऊ देऊ नका, मग आतले तुकडे मोजा. दोन ठिपक्यांना दोन तुकडे, तिनांना चार, चारांना आठ, पाचांना सोळा. सहांना? दुप्पट होत आलंय, म्हणजे बत्तीस, असं लिहून मी मोकळी. वर्गात कोणी सिद्धतेशिवाय असं म्हटलं असतं तर मी त्याला तासभर सोलून काढलं असतं.

आठवड्यानं पोस्टकार्ड आलं. मकरपुऱ्यात लेथवर काम करणारा वाचक. ‘मी आणि मुलगी चार दिवस काढतोय. एकतीसच येतात. वर्तुळ मोठं केलं, पेन्सिल बारीक केली. आमचं कुठे चुकतं? मुलगी म्हणते, आपल्या डोक्यात गणित नाहीच.’

तेव्हा कुठे मी सहा ठिपके दिले. एकतीस. पुन्हा मोजले. कबूल करावं तर सदर जाणार, आणि सोडलेली नोकरी काही माझी वाट बघत बसली नव्हती. गप्प बसावं तर ती पोर जन्मभर स्वतःला ढ समजणार.

शेवटी रावपुऱ्यात संपादकांकडे गेले. ते म्हणाले, “जवा दो ने, बेन. जाऊ द्या. कोण मोजत बसतंय?”

“एक जण बसलाय. मुलीला घेऊन.”

“तिसऱ्या लेखालाच माफी मागितली, तर चौथा वाचणार कोण?”

तरी चुकीची कबुली छापवून घेतली, त्याच पानावर, त्याच जागी. पुढचा लेख पाठवताना पाकीट तीनदा उघडून पाहिलं.

पंधरा दिवसांनी तो गृहस्थ पत्ता शोधत घरी आला. कारखान्याची बस पकडायची होती, बसायला तयार नव्हता. मी भीत भीत विचारलं, “मुलगी काय म्हणते?”

तो म्हणाला, “खरं सांगू का बाई, आमचंच चुकलं असतं तर बरं होतं. आता दर अंकाला पेन्सिल घेऊन बसते. म्हणते, याही वेळी चुकल्या असतील, बघूया.”