खेळातली तिची पात

सोमवारी बायकोला भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. मंगळवारी ती गेली. बुधवारी संध्याकाळी तिच्या फोनवर निरोप आला, ‘दीदी, कहाँ हो? कल सब रुके थे.’

निरोप वाचून मी फोन पालथा ठेवला. घरात माणसं होती. आत कोणीतरी चहा करत होतं, दारात चपला पडल्या होत्या, बाहेर महामार्गावरून ट्रक जात होते. थोड्या वेळानं फोन पुन्हा वाजला. ‘तबीयत ठीक है ना?’ मी आयुष्यभर कॉलेजात मराठी शिकवली, पण या एवढ्या प्रश्नाचं उत्तर मला लिहिता येईना. शेवटी नागपूरहून आलेल्या माझ्या भाचीनं फोन हातात घेतला आणि दोन ओळी लिहिल्या. पलीकडून एकामागून एक हात जोडलेली चित्रं आली. ती माणसं कोण, कुठली, मला ठाऊक नव्हतं. बायकोनंही त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं.

हा खेळ आमच्या घरात आणला तो याच भाचीनं. टाळेबंदीत सगळं बंद होतं त्या महिन्यांत ती आमच्याकडे लाखनीला राहायला होती. बायको नुकतीच साकोलीच्या कचेरीतून निवृत्त झाली होती आणि मोकळ्या वेळेचं काय करावं हे तिला कळत नव्हतं. भाचीनं तिच्या फोनवर खेळ घालून दिला. त्यात डोंगर होते, पडके किल्ले होते, पंखांचे राक्षस होते, एक मोठा तलाव होता. प्रत्येक खेळाडूची एक बाहुली, आणि दहा-बारा खेळाडू मिळून एक टोळी. रोज संध्याकाळी सात वाजता टोळी एखाद्या किल्ल्यावर चालून जायची. कोणी ढाल घेऊन पुढे, कोणी लांबून बाण मारणारा, आणि एक जण सगळ्यांच्या मागे उभा राहून जखमा भरणारा, ज्याला ते हीलर म्हणायचे. बायकोनं हे शेवटचं काम घेतलं. तिच्या बाहुलीला तिनं साधं पांढरं वस्त्र नेसवलं होतं आणि पाय अनवाणी ठेवले होते. तलावाच्या काठी तिला खेळातलं एक घर मिळालं, तिथं तिनं मातीची मडकी गोळा करून मांडली. त्या मडक्यांचा खेळात काही उपयोग नव्हता.

मी बाजूच्या खुर्चीत वाचत बसायचो. मधूनच विचारायचो, “कायले मारून राहिले त्याले सगळे मिळून? त्यानं काय केलं?”

“तुम्ही वाचा जी आपलं. मधात बोलू नका, इथं माणूस मरते माह्या हातानं.”

“खोटंच तं मरते.”

“तुमच्या पुस्तकातलंही खोटंच मरते. पण तुमाले तिथं काही करता येते का? मले येते.”

मी पान उलटायचो.

टोळीचा मुखिया जबलपूरकडचा, कूलर दुरुस्तीचं दुकान चालवणारा. तो तिला दीदी म्हणायचा, म्हणून सगळेच दीदी म्हणायचे. लढाई संपली की गप्पा व्हायच्या. आज भाजी काय केली, कोणाच्या पोरीचा ताप उतरला का, कोणाकडे लाइट गेली. मी तिला एकदा विचारलं की डोळे चुरचुरतात म्हणतेस, मान दुखते म्हणतेस, तरी रोज सातला बरोबर बसतेस, ते कशासाठी? तिनं फोन बाजूला ठेवला. तिचं माहेर एकोडीचं. लहानपणी आईसोबत ती धानाच्या रोवणीला जायची. बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, बाया ओळीनं उभ्या राहतात, प्रत्येकीची आपापली पात, लावायचा पट्टा, असते, आणि रोपं लावत लावत सगळ्या एकदमच मागे सरकतात.

“एखादी बाई मांगं पडली का,” ती म्हणाली, “बाजूची तिच्या पातीत दोन-चार रोपं आपणच टोचून देते. सांगत नाही, बोलत नाही. ओळ सरळ राहाले पायजे ना. हे पोरं तसे आहेत. मी चुकली का थांबतेत.”

खेळ माणसाला का धरून ठेवतो याबद्दल पुढे मी बरंच काही वाचलं, भाचीनं पाठवलेलं. बक्षिसं, चटक, रंग, आवाज. बायकोनं सांगितलं तेवढं पटणारं मला त्यात सापडलं नाही.

ती गेल्यावर काही आठवड्यांनी भाचीचा फोन आला. “मामाजी, एक सांगू का? रागावू नका. महिनाभर कोणी खेळात आलंच नाही तर खेळ त्याला टोळीतून आपोआप काढून टाकते. मग घरही जाते, नावही जाते. मामीचा महिना भरत आला आहे.”

“मग काय करायचं?”

“तुम्हीच खेळा ना. रोज थोडंसं. नाव राहील.”

तोवर तिचे कपडे आम्ही वाटून टाकले होते. कचेरीत तिच्या टेबलावर केव्हापासूनच दुसरं कोणी बसत होतं. रेशनकार्डावरून तिचं नाव कमी झालं होतं, ते काम मीच रांगेत उभा राहून केलं होतं. तिची जागा अजून जिथं कोणी घेतली नव्हती अशी एक ती टोळी उरली होती. तिथून तिचं नाव जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं.

पहिल्या संध्याकाळी मुखियानं लिहिलं, ‘भाईसाहब, आप बस पीछे खड़े रहो. हरा वाला बटन. घबराना मत.’ मी घाबरलो. हिरवं बटण सोडून सगळी बटणं दाबली. पुढचा ढालवाला मेला, मग बाणवाली मेली, मग आम्ही सगळेच मेलो. ‘चलो, फिर से,’ एवढंच आलं. दुसऱ्या खेपेला ढालवाला हळू चालत होता. दोन पावलं टाकायचा आणि थांबायचा. तो माझ्यासाठी थांबतो आहे हे मला दिसत होतं. बायको जे सांगत होती ते मी आता बघत होतो, तिच्याच जागी उभा राहून.

त्या दिवसांत मला त्या खेळानं धरून ठेवलं, हे खरं आहे. भेटायला येणारे कमी झाले होते. कॉलेजातले जुने सहकारी फोनवर ‘काळजी घ्या सर’ म्हणायचे आणि पुढे काय बोलावं ते दोघांनाही सुचत नसे. इकडे सातला पाच मिनिटं उशीर झाला की निरोप यायचा, ‘भाईसाहब, खाना हो गया? आ रहे हो ना?’ मी लिहायचो, ‘आलो.’ मराठीतच लिहायचो, त्यांना कळायचं. बाणवाली मुलगी एकदा म्हणाली, ‘अंकल, आज तो दीदी जैसा खेला आपने.’ त्या दिवशी मी नीट जेवलो.

मग खेळ बदलला. खेळ चालवणाऱ्यांनी रोजची कामं आणली. फुलं तोडा, दगड फोडा, कोल्हे मारा, दिवे लावा. प्रत्येक कामापुढे एक रिकामी पट्टी, ती भरत जायची. एक दिवस चुकला की आधीचं सगळं वाया. टोळ्यांचे क्रमांक लागू लागले, आणि खालच्या टोळ्या मोडून वरच्यांत मिसळल्या जातील असं जाहीर झालं. कधी कोणाला काही न मागणारा मुखिया आता दुपारीच लिहू लागला, ‘भाईसाहब, आज का काम बाकी है. शाम तक कर देना.’ मी करत होतो. सकाळी उठलो की आधी फुलं तोडत होतो. बसस्टँडवर उभ्या उभ्या कोल्हे मारत होतो. लढाया पूर्वीएवढ्याच होत्या. फक्त पूर्वी त्यात कोणी मागे पडलं की बाकीचे थांबायचे, आणि आता थांबणारी टोळीच मागे पडत होती. भाजीच्या गप्पा बंद झाल्या. कोणाची पट्टी किती भरली, तेवढंच बोलणं राहिलं.

माणसं जाऊ लागली. निरोप कोणी घेतला नाही. आधी एखाद्याचं एक काम राहायचं, मग सगळी राहायची, मग नाव करडं व्हायचं. बाणवालीचं झालं. ढालवाल्याचं झालं. मी मात्र पट्टी भरत होतो. मला त्यात गंमत वाटत नव्हती, रागही येत नव्हता. दात घासावेत तसं ते चाललं होतं.

एक दिवस मुखियानं सरळ फोनच केला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. माझ्या मनात होता त्यापेक्षा तो आवाज पुष्कळ लहान माणसाचा होता.

“भाईसाहब, मैं छोड़ रहा हूँ. दुकान में ग्राहक खड़ा रहता है और मैं काउंटर के नीचे फूल तोड़ता हूँ. घरवाली बोली, दुनिया का कूलर ठंडा करते हो, पहले अपनी खोपड़ी ठंडी कर लो.” तो हसला. मीही हसलो. “आप भी छोड़ दो. मजा तो कब का चला गया.”

“छोड़ दूँगा तो उनका नाम चला जाएगा,” मी म्हणालो.

“दीदी का नाम तो...” तो म्हणाला. दुकानात कोणीतरी त्याला हाक मारत होतं.

तो गेल्यावर आमची टोळी मोडली आणि उरलेल्यांना एका मोठ्या टोळीत टाकण्यात आलं. तिथं कोणाला काही ठाऊक नव्हतं, सांगण्यासारखं कोणी नव्हतंही. माझी बोटं हळू चालायची. पडद्यावर दिसायची ती बाईची बाहुली, म्हणून पोरं लिहायची, ‘आंटी सो गई क्या?’, ‘आंटी, कढ़ी बाद में चढ़ाना, पहले हील दो’. ती पोरं दुष्ट नव्हती. त्यांनाही पट्टी भरायची होती. तरी त्या शब्दांनी तिला कोणी हाक मारावी हे मला सहन होत नव्हतं, आणि तरी मी रोज जात होतो.

वर्ष झालं तेव्हा पुण्यानुमोदनाला तिची थोरली बहीण एकोडीहून आली, भाची नागपूरहून आली. वंदना झाली, जेवणं झाली, लोक गेले. भाची माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “दाखवा ना मामाजी, मामी कुठवर पोचली?” मी फोन दिला.

“हा शिंगांचा टोप काय घातला आहे?”

“तो रोजच्या कामांचा मिळाला. त्यानं ताकद वाढते. नाही घातला तर टोळीत ठेवत नाहीत.”

“आणि ते पांढरं?”

पांढरं वस्त्र केव्हाच मोडीत गेलं होतं. पायांत लोखंडी बूट होते. तलावाकाठच्या घरात शस्त्रं ठेवायला जागा हवी म्हणून मडकी काढावी लागली होती. भाचीनं गप्पांची जागा उघडली आणि बोटानं वर वर सरकवत गेली. मामीनं लिहिलेलं काहीतरी तिला वाचायचं होतं. खेळ अलीकडचंच बोलणं ठेवतो, जुनं आपोआप पुसत जातो, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं. जिथवर जाता आलं तिथवर माझंच होतं. आलो. हो. थांबा. झालं.

“मामाजी,” ती हळूच म्हणाली, “यात मामी कुठं आहे?”

मेहुणी समोर लाखोरीची डाळ निवडत बसली होती. “काय पाहून राह्यले जी दोघं एवढं?” तिनं विचारलं. भाचीनं तिला समजेल असं सांगितलं. टोळी, नाव, जागा, मी वर्षभर जपलेली. मेहुणीचे हात थांबले नाहीत.

“भाऊजी, पात कोनासाठी ठेवत नाही जी. बाई बांधीतून घरी गेली का बाजूच्या दोघी सरकतेत अन् तिची पात मिटवून घेतेत. नाही तं बांधी अर्धी राहीन ना.”

“ती तर मला म्हणायची, बाजूची हात देते म्हणून.”

“तेही खरंच हाय. पन ते मांगं राह्यलीच्यासाठी. घरी गेलीच्यासाठी नाही.” तिनं सुपातला खडा काढून बाजूला टाकला. “तुमी मास्तर मानूस. तुमाले कोन सांगावं?”

कोणी सांगितलं नव्हतं. वर्षभर मी एका नावाला धरून बसलो होतो, आणि ते नाव टिकावं म्हणून त्याखालचं तिचं होतं नव्हतं ते एकेक करून मोडीत काढत होतो. नुसतं सोडून दिलं असतं तर ते सगळं महिनाभर तरी तिनं ठेवलं तसं राहिलं असतं.

त्या संध्याकाळी सात वाजता मी खेळ उघडला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. नव्या टोळीतून एकदा ‘हीलर कहाँ है’ असं आलं, पुन्हा आलं नाही. महिना भरल्यावर खेळाचा निरोप आला की तुम्हाला टोळीतून काढण्यात आलं आहे, आणि परत येण्यासाठी खालचं बटण दाबा. मी दाबलं नाही. पुढे भाचीनं आपल्या फोनवरून ते नाव शोधून पाहिलं. अशा नावाचा खेळाडू नाही, असं लिहून आलं.

आता घरात मी एकटा आहे. सात वाजतात, आणि मी कुठं आहे हे कोणी विचारत नाही.