नवे सहा बाण

किस्से गोळा करायला आम्ही काही मुद्दाम बसलो नव्हतो. पण इथे परदेशात, आमच्या ट्रॉय शहरात कुणाकडेही जेवायला गेलं की कुणीतरी म्हणतंच, "अश्विनी, ते शिकारीचं सांग ना!" एक सांगायला घ्यावा तर मागून दुसरा आठवतो. आमच्या फ्रीजरमध्ये हरणाचं मांस पाव किलोसुद्धा नाही, किस्से मात्र मावत नाहीत.

सुरुवात माझ्या नवऱ्याने केली. नितीनच्या ऑफिसमधला डेल तीस वर्षं धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतोय. उत्तरेला दीड तासावर त्याच्या मालकीचं रान आहे. एकदा लंचला त्याने सहज विचारलं, येतोस का? नितीनने घरी न विचारताच हो म्हणून टाकलं. मला राग आला. पण हा माणूस जंगलात एकटा बसणार, या काळजीने राग विरला. मग मीही नाव दिलं.

*

लायसन्सच्या आधी सेफ्टीचा क्लास करावा लागतो. शिकवणारे आजोबा अगदी शांत स्वभावाचे होते. मी विचारलं, नेम चुकला तर?

"चुकला तर उत्तमच," ते म्हणाले. "हरण घरी जातं, तुम्हीही घरी जाता. भीती बाळगायची ती अर्धवट लागण्याची. बाण लागला आणि हरण सापडलं नाही, तर ते जन्मभर तुमच्या डोक्यात पळत राहतं."

त्या दिवसापासून मला अस्वलाची, थंडीची, अंधाराची भीती वाटेनाशी झाली. ही एकच पुरेशी होती. एखादं मुकं जनावर माझ्या हातून जखमी होऊन झुडपात तडफडतंय, हे चित्र भांडी घासतानासुद्धा डोळ्यांसमोर यायचं. क्लासहून परतताना नितीन गाडीत म्हणाला, "मस्त होता ना क्लास?"

*

हरणाचं नाक फार तीक्ष्ण. त्यामुळे शिकारीचे कपडे बिनवासाच्या साबणाने धुवायचे, हे डेलने दहा वेळा बजावलं होतं. मी इमानेइतबारे धुतले, आणि बाहेर पाऊस म्हणून स्वयंपाकघरातल्या खुर्च्यांवर वाळत घातले. संध्याकाळी नेहमीसारखी वरणाला फोडणी दिली. हिंग जरा सढळ हातानेच पडला.

दुसऱ्या दिवशी रानाच्या फाटकापाशी डेलने नितीनच्या जॅकेटचा वास घेतला, मग माझ्या. पुन्हा एकदा नितीनच्या.

"हरणं येणार नाहीत," शेवटी म्हणाला, "पण मला भूक लागली."

*

ऑक्टोबरात खंडेनवमी आली. घरात पहिल्यांदाच खरीखुरी शस्त्रं होती, त्यामुळे मी उत्साहाने पूजा मांडली. नितीनचा लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, माझा मिक्सर, दोन धनुष्यं आणि खास शिकारीसाठी आणलेले नवे सहा बाण. सरावाचे जुने बाण वेगळे होते, ते गॅरेजमध्येच ठेवले. प्रत्येक नव्या बाणाला पात्याच्या मागे हळदीचं एक आणि कुंकवाचं एक बोट लावलं.

प्रसादाला शेजारच्या शैलाकाकू आल्या. काकू पक्क्या शाकाहारी. बाणांपुढे हात जोडून त्या इतका वेळ पुटपुटत होत्या की मला राहवेना. देवाकडे एवढं काय मागितलंत, असं विचारलं.

"देवाकडे काही नाही मागितलं," काकू म्हणाल्या. "बाणांना सांगितलं, कुणाला लागू नका."

*

पुढच्याच शनिवारी पहाटे आम्ही दोघं डेलच्या रानात, एका छोट्या तंबूत स्टुलांवर बसलो होतो. डेल खाली त्याच्या केबिनमध्ये. बोलायचं नाही, हलायचं नाही, खोकायचं नाही. थोड्या वेळाने मागे पाचोळा वाजायला लागला. काहीतरी जवळ येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. मी नितीनचा दंड घट्ट धरला. त्याने डोळ्यांनीच सांगितलं, घाबरू नकोस, मी आहे ना.

तंबूच्या फटीतून एक खार आत डोकावली आणि निघून गेली.

तेवढ्यात नितीनचं स्मार्टवॉच थरथरलं. गेला तासभर हा माणूस स्टुलावर बसून होता. नाडी मोजून घड्याळ विचारत होतं, तुम्ही धावताय का?

*

आणि मग उजाडलं. वीस पावलांवर, ओकच्या झाडाखाली, एक हरिणी उभी होती. नितीनने कोपराने खुणावलं. मी बाण लावला, दोरी ओढली. सोडल्याचं मला आठवतच नाही. हरिणीने उडी मारली आणि ती झाडीत नाहीशी झाली.

बाण पलीकडे गवतात रुतला होता. नितीनने तो उपटला. दवाने ओला झाला होता आणि पात्याच्या मागे लाल होता. नितीनची बोटंही लाल झाली.

"लागलं," तो म्हणाला.

नितीनने फोटो काढून डेलला पाठवला. लगेच उत्तर आलं, जागचे हलू नका, हरणाच्या मागे गेलात तर ते आणखी लांब पळेल, मी येतोय.

अर्धा तास आम्ही तिथेच बसून होतो. मेपलची पानं लाल होऊन खाली पडली होती आणि प्रत्येक पान मला रक्ताचं वाटत होतं. कुठेतरी ती पडली असेल, श्वास घेत असेल, आणि मी इथे हातावर हात ठेवून बसलेय. सापडली नाही तर काय करायचं, असं मी नितीनला विचारलं. एरवी प्रत्येक गोष्टीला "होईल गं" म्हणणाऱ्या नितीनने नुसता माझा हात धरला. त्याच्या बोटांवरचा लाल रंग माझ्या तळव्याला लागला आणि मला रडू फुटलं.

डेल आला. हरिणी गेली त्या दिशेने वाकून वाकून शोधत तो लांबवर गेला आणि परत आला. मग त्याने बाण हातात घेतला, वास घेतला, उजेडात फिरवला, अंगठ्याने हळूच चोळला. एकदा अंगठ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तीस वर्षं शिकार करतोय मी," तो म्हणाला. "अर्धं पिवळं रक्त असलेलं हरण अजून पाहिलं नाही."