कोरडं चालतं

आमच्या सेलूच्या घरात मांजर जाड झाली याचा सगळ्यांना अभिमान होता. मला लाज वाटायची. बैठकीत टेकलेला प्रत्येक पाहुणा तिच्याकडे बघून म्हणायचा, "लय खात्यापित्या घरची हाय," आणि माझे सासरे असे फुलून यायचे, की ते पोट जणू त्यांनीच कमावलं होतं. खरं म्हणजे त्यांनीच कमावलं होतं. त्यांच्यासमोर कुणाचं ताट रिकामं दिसलं की त्यांचा जीव कासावीस होतो. माणूस निदान 'पुरे' म्हणतो, तेही ते ऐकत नाहीत. मांजर तर कधी म्हणतच नव्हती.

सासूबाई गेल्यापासून ते आमच्याशी कामापुरतं बोलत. मांजरीशी दिवसभर. जेवताना तिला शेजारी बसवायचं, दह्यात बोट बुडवून चाटवायचं, आणि तिच्या वाटीतले दाणे कमी झाले की लगेच भर घालायची. हे दाणे म्हणजे परभणीहून आमचे हे आणत ते मांजराचं कोरडं खाणं. सासरे माळकरी. अंड्याचं नाव काढलं तरी चूळ भरणारे. आणि त्या पिशवीवर हा एवढा मासा छापलेला. मी एकदा त्या माशावर बोट ठेवून दाखवलं.

"कोरडं हाय न्हवं? मग चालतंय," ते म्हणाले.

कुणाच्याही घरचा कोरडा शिधा घ्यावा, शिजवलेलं ओलं घेऊ नये, कोरड्याला खरकटं लागत नाही, हा त्यांच्या वडिलांपासूनचा नियम. तो त्यांनी बिनदिक्कत माशाच्या पिठाला लावला. आमच्या ह्यांनीही मान डोलावली. पिशवी आणणारे तेच होते.

पुढे मांजरीला बाजेवर चढता येईना. पाठ चाटायला मान वळवायची आणि मध्येच धापा टाकत पडून राहायची. मी तिला भाजीच्या टोपलीत घालून रेल्वेने परभणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, कोरडं बंद करायचं, ओलं सुरू करायचं, पण हळूहळू, रोज थोडं थोडं मिसळत. आणि उपाशी अजिबात ठेवायचं नाही. जाड मांजर दोन-तीन दिवस खाल्ल्याशिवाय राहिली तर लिव्हर जातं आणि मांजरही जाते.

घरी येऊन मी हे जसंच्या तसं सांगितलं. सासरे म्हणाले, "एखादी एकादस घडली तिला, तर काय बिघडतंय?" आमच्या घरात एकादशी म्हणजे साबुदाणा, भगर, शेंगदाण्याची आमटी आणि वर केळी. असल्या उपासाने कुणी मेलेलं नाही हे खरंच आहे.

डॉक्टरीणबाईंनी दिलेलं माशाच्या ओल्या खाण्याचं पाकीट मी फोडलं आणि चमचाभर दाण्यांत कालवलं. वास बैठकीपर्यंत गेला. सासरे उपरणं नाकाला लावून भरल्या ताटावरून उठले. "सूनबाई, हे वलं हाय. हे माझ्या घरात न्हाई चालायचं." एवढ्यावर भागलं नाही. मी तोच चमचा दाण्यांच्या पिशवीत घातला होता, म्हणजे अख्खी पिशवी खरकटी झाली. ती त्यांनी स्वतः नेऊन गल्लीतल्या कुत्र्यांपुढे ओतली. वर्षभर जो मासा दिसला नाही, तो एका चमच्यात दिसला.

आमच्या ह्यांनी मग तोडगा काढला. त्यांचा तोडगा कुणालाच पटत नाही, म्हणून ते त्याला मधला मार्ग म्हणतात. मांजरीला ओलंच द्यायचं, पण मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. मांजर ताटलीपाशी गेली, वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि बैठकीच्या दाराशी येऊन पडली. दुसऱ्या दिवशीही तेच. नवी पिशवी परभणीशिवाय मिळत नव्हती. "भूक लागली की खाईल आपोआप," आमचे हे म्हणाले. तोंडात पोळीचा घास होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी सासऱ्यांनी दह्याचं बोट पुढं केलं आणि तिने तोंड फिरवलं. ते बोट तसंच हवेत धरून ते कितीतरी वेळ बसले. मी मांजरीला उचलून शेडमध्ये नेलं. मला राग आला होता, आणि भीतीही वाटत होती. थोड्या वेळाने ते दारात येऊन उभे राहिले.

"खायनाच का गं?"

"नाही. माळेला वास लागेल म्हणून आपण तिला मारतोय, मामा."

सासऱ्यांना असं बोलायची पद्धत आमच्याकडे नाही. ते भिंतीला हात टेकत टेकत खाली बसले. गळ्यातली माळ पुढून मागे, पाठीवर फिरवून सदऱ्यात सारली. मग तेच दह्याचं बोट त्यांनी त्या तपकिरी रश्श्यात बुडवलं आणि तिच्या तोंडापुढे धरलं.

"खा माय," ते म्हणाले. "माझ्यासाठी खा."

 तिने बराच वेळ हुंगलं. मग चाटलं. त्यांनी पुन्हा बुडवलं. ताटली निम्मी झाली तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि उपरणं जवळ असून ते नाकाला लावायचं त्यांना सुचलं नव्हतं.

त्यानंतर उठून त्यांनी थंड पाण्याने अंघोळ केली. अजूनही करतात, तिला भरवून झालं की प्रत्येक वेळी. घरात त्या वेळी कुणी न्हाणीकडे फिरकत नाही आणि कुणी काही विचारत नाही. आमच्याकडे अशी सगळी सोय आहे.

मांजर आता बाजेवर उडी मारते. पाहुणे मात्र नाराज आहेत. "लयच वाळली की हो. खायला देत न्हाईत का?" परवा एकाने विचारलं. सासऱ्यांनी बसल्या जागेवरून माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "सूनबाई देऊ देत न्हाई."

दाखवायला त्यांनी तेच बोट वापरलं. कितीही अंघोळी केल्या तरी त्याला वास येतो. मी त्यांना सांगितलेलं नाही.