काचेवरचे थेंब

कॉलेजात त्यांना सगळे लख्खकाका म्हणत. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले ते शिपाई. काम काच धुण्याचं, पण तोरा असा, की खजिन्याच्या किल्ल्या जणू यांच्याच कमरेला! ब्युरेट, म्हणजे खाली तोटी असलेली रेघांची लांब नळी, धुऊन झाली की ती खिडकीपाशी उजेडात धरायची आणि म्हणायचं, "बघा, एक थेंब शोधून दाखवा!" शोधायला अर्थात कुणी जात नसे. बायको म्हणायची, "घरचं एक ताट कधी असं घासलं असतंत, तर गावभर सांगत फिरले असते."

थेंब का राहत नाही, हे प्रयोग शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना एकदा समजावलं होतं. पाण्याच्या रेणूंना एकमेकांची ओढ असते, तशी काचेलाही पाण्याची असते. काच स्वच्छ असली की तिची ओढ वरचढ ठरते आणि पाणी पातळ पसरून सरळ खाली उतरतं. मध्ये तेलकट थर आला, की काचेला पाणी धरता येत नाही. ते आपलं आपल्यातच गोळा होतं, थेंब मागे राहतात आणि मोजमाप चुकतं. काकांनी हे इतकं पाठ केलं, की नव्या मुलांना मॅडमच्या आधी तेच ऐकवत.

आणि माती खाल्ली ती नेमकी त्यांनीच.

परीक्षेच्या आठवड्यात सोड्याच्या पाण्यानं त्यांचे हात फुटले. बोटांच्या भेगांतून रक्त यायला लागलं, तेव्हा बायकोनं व्हॅसलिनची डबी दिली. सकाळी काकांनी ते चांगलं चोपडलं आणि तशाच हातांनी ब्रश धरून पहिली ब्युरेट धुतली, पहिल्या टेबलावर लावली. परीक्षक लवकर आले म्हणून धावपळ होती. उजेडात धरून बघायचं राहून गेलं.

त्या टेबलावर एक चष्मेवाली मुलगी होती. तिचे तीन वेळचे तीन आकडे, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही.

"वर्षभर झोपा काढल्या का?" परीक्षक म्हणाले.

"सर, मी नीटच केलंय."

"मग काय ब्युरेट खोटं बोलते?"

काका टॉवेल घेऊन शेजारीच उभे होते. त्यांनी नळीकडे पाहिलं. आतून बारीक बारीक थेंब चिकटलेले. साहेब, नळी तेलकट आहे, चूक माझी. एवढंच बोलायचं होतं. पण सगळा वर्ग बघत होता, आणि तीस वर्षं कमावलेलं नाव पणाला लागलं होतं. काका मूग गिळून उभे राहिले. मुलगी नापास झाली.

जाताना ती त्यांच्यापाशी थांबली. "सॉरी हं काका. तुम्ही एवढी स्वच्छ ब्युरेट दिलीत, आणि मी माती केली."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तोंडातून निघालं काय, तर "असू दे गं, होतं असं." चूक एक वेळ पोटात घातली असती, पण हे 'असू दे' काही केल्या पचेना. वर्षभर कुणी लख्खकाका म्हणून हाक मारली, की थोबाडीत बसल्यासारखं वाटे. थेंब शोधायचं आव्हान तर बंदच झालं.

पुढच्या वर्षी ती पुन्हा परीक्षेला आली. काकांनी तिची ब्युरेट कोरड्या, फुटलेल्या हातांनी तीनदा धुतली.

"काका, या वेळी तरी माझा हात नीट चालेल ना हो?"

आता मात्र त्यांना राहवेना. "तुझा हात नीटच होता. नळी तेलकट होती. माझ्या हातांचं व्हॅसलिन. मी तेव्हाच पाहिलं होतं."

"तेव्हाच?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"माझं नाव जाईल म्हणून."

ती चिडली असती, चार शब्द सुनावले असते, तर काकांवर उपकारच झाले असते. तिनं फक्त हात पुढे केला. त्यांच्या हातातली ब्युरेट तिनं घेतली, नळाखाली स्वतः पुन्हा धुतली आणि खिडकीपाशी नेऊन, उजेडात धरून, वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवत पाहिली.

थेंब एकही नव्हता. पण काकांनी धुतलेली काच तीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी तपासत होतं, आणि ते मान खाली घालून ती तपासून होण्याची वाट बघत उभे होते.