खुडूक कोंबडीची साक्ष

तिचं नाव मी कधी विचारलं नाही. अमरावतीतली आम्ही दहा घरं तिला अंड्यांची बाई म्हणायचो. दोन वर्षं कपाशी हातची गेल्यावर तिचं घर अंगणात मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांवर चाललं होतं. आम्ही हंगामाचे पैसे आधी द्यायचे आणि कोंबड्या देतील ती अंडी वाटून घ्यायची, असं ठरलेलं. त्यातलं ‘देतील ती’ कुणी नीट ऐकलं नव्हतं.

एका रविवारी ती अंजनगाव सुर्जीहून एसटीने आली, तेव्हा प्रत्येक घरामागे दोनच अंडी निघाली. सगळ्यांच्या वतीने मी घसा खाकरून भाषण ठोकलं. पुढच्या हंगामापासून दहाही घरांचे पैसे बंद! म्हणजे तिला कोंबड्या विकाव्या लागणार, हे मला ठाऊक होतं.

तिने पदर सारखा केला आणि टोपलीवरचं फडकं काढलं. आत एक कोंबडी पिसं फुगवून बसलेली.

“खुडूक झाली भाऊ. अंडे देत नाही, नुसती बसून राहिली. अशा सात हायेत घरी.”

“पाण्यात बुडवली की खुडूक उतरते म्हणतात,” मी ज्ञान पाजळलं.

“उतरते ना. मंग पोल्ट्रीच्या पिंजऱ्यातलेच अंडे घ्या, आमाले काहून बोलावता? तुमी चांगलं बोलता. तुमीच समजावा तिले.”

दहा घरं बघत होती. मी वाकून, उजव्या हाताचं बोट उगारून कोंबडीला समजावू लागलो. तिने चोच मारून बोट फोडलं.

“मलेही असंच करते,” बाई म्हणाली आणि टोपली झाकली.

माझ्या भाषणाला इतकं थेट उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. पुढच्या हंगामाचे पैसे मी तिथेच दिले, डाव्या हाताने.