धारेचा खटका

रशीदभाईंनी जळालेली दोन युनिटं माझ्या टेबलावर आपटली. युनिट म्हणजे भोंग्याच्या मागं बसवतात तो भाग. खरा आवाज तिथूनच निघतो.

"साहेब, तुमचा अँप मुका हाय," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. नांदेडला माझा अँप्लिफायर बनवायचा छोटा कारखाना आहे, आणि हे नवं मॉडेल म्हणजे माझा जीव की प्राण. पण रशीदभाई अहमदपूरचे जुने साउंडवाले. त्यांनी नाक मुरडलं की उदगीरपर्यंतचा एकही साउंडवाला माझ्या दारात पाय ठेवणार नाही. राग गिळला आणि चहा मागवला.

"मुका आहे तर युनिटं जळाली कशी?"

"त्येच तर सांगून राहिलो! आवाज फाटंस्तोवर वाढवायचा, फाटला की जरा मागं घ्यायचा. वडलांपासनं आमचं असंच हाय. तुमचा फाटंचना. वाढवला, अजून वाढवला, मंग एकदम धूर."

आता काय कपाळ बडवायचं? अँपचं काम एवढंच, की आत आलेला आवाज तसाच मोठा करून बाहेर द्यायचा. मध्ये त्यानं स्वतःचं काही मिसळलं, की ते डिस्टॉर्शन. जास्त झालं की आपण म्हणतो आवाज फाटला. ते टाळायला मी भरपूर फीडबॅक दिला होता. म्हणजे बाहेर पडणाऱ्या आवाजातला थोडा मागं आणायचा, आत आलेल्याशी ताडून बघायचा आणि चूक तिथल्या तिथं दुरुस्त करायची. भाषण करणाऱ्याच्या शेजारी मूळ कागद घेऊन माणूस उभा करावा, तसं. (माइक भोंग्यासमोर नेला की कुईं होतं, तोही फीडबॅकच. पण तो आगाऊ, हा शहाणा.) माझा अँप फाटायच्या आधीच बिचारी युनिटं जळून गेली.

"शिवाय गुरुजी लई नाराज हायत," रशीदभाईंनी मीठ चोळलं. "म्हणले, आवाजाला जोरच न्हाई."

सोनकांबळे गुरुजी शिरूर अनंतपाळला शिक्षक. भीमगीतं असली गातात की मांडवात कुणी बसून राहत नाही. त्यांच्या पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं. तिथंही जोर आला नाही, तर पुढच्या कार्यक्रमाला लातूरचा साउंड सांगणार, असं त्यांनी बजावलं होतं.

"लग्नात जमलं तर ठेवतो. न्हाई तर तुमचा माल तुमच्या दारात," रशीदभाई म्हणाले आणि चहा तसाच टाकून उठले.

त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. आपला कान मोठा लबाड असतो. फाटका आवाज त्याला मोठा वाटतो, आणि तेवढाच मोठा आवाज स्वच्छ असला तर बारीक वाटतो. शेवटी अँपला एक खटका बसवला. दाबला की फीडबॅक थोडा ढिला आणि आवाज थोडा खरखरीत. वर लिहिलं, 'धार'. निवडलेल्या तांदळात स्वतःच्या हातानं खडे टाकल्यासारखं वाटलं. जीव तळमळला हो! कारखान्यात तपासून घेतलं, डिस्टॉर्शन मोजायच्या मीटरवर खडे स्वच्छ दिसत होते.

लग्नाला मी स्वतः गेलो. अँप टेम्पोत मागं, मी पुढं, आणि रस्ता असा की दातसुद्धा हलले. वंदना झाली, लग्न लागलं, गुरुजींनी माइक घेतला. पहिलं कडवं झालं. रशीदभाईंचा हात आवाजाच्या बटणाकडं निघाला. मी झटकन पुढं झालो.

"भाई, ते नका वाढवू. हा खटका दाबा."

त्यांनी दाबला.

"आहाहा! आता कसं!" रशीदभाईंनी मांडीवर थाप मारली. गुरुजींनी गाता गाताच अंगठा दाखवला. मांडव उठून नाचायला लागला. माझीही छाती फुगली.

"ऐकलंत? खालच्या सुरांना कसा खरखरीतपणा आलाय बघा," मी म्हणालो. रशीदभाई मान डोलवत राहिले. बटणाला त्यांनी परत हात लावला नाही, म्हणून युनिटं वाचली.

जेवताना रशीदभाईंनी गुरुजींना खटक्याचं सगळं रंगवून सांगितलं. जेवणं झाल्यावर गुरुजी अँपपाशी आले. "साहेब, जादू केलीत. नेमकं किती मिसळलंत, दाखवा तरी."

मला तेवढंच हवं होतं. सोबत आणलेलं मीटर ऐटीत लावलं. खटका बंद, आकडा बघितला. खटका चालू केला, तर आकडा तोच! दोनतीनदा खटखट केलं. मीटरला थापट मारली. शेवटी झाकण उघडलं.

खटक्याची वायर तुटून लोंबत होती. टेम्पोच्या हादऱ्यानं सोल्डरचा डाग निसटला होता. म्हणजे लग्नभर खटका कशालाच जोडलेला नव्हता आणि अँप पहिल्यासारखाच स्वच्छ वाजत होता.

गुरुजी वाकून वायर बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं.

"पण साहेब, खरखर तर तुम्हालाबी ऐकू आली म्हणं?"

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. वायर परत जोडायला मी सोल्डर बाहेर काढलं, तर रशीदभाईंनी माझं मनगटच धरलं.

"हात लावायचा न्हाई! झकास वाजून राहिलंय. ऱ्हाऊ द्या तसंच."

अँप त्यांनी ठेवला. तो अजून तसाच, बिनवायरीच्या धारेवर वाजतो. माझ्यात एक बदल झाला. आता आवाज पारखायचा असला, की खटका बायकोला दाबायला लावतो आणि मी भिंतीकडं तोंड करून बसतो.