गाठ पिकायची वाट

माझ्या थोरल्या जावेच्या छातीत गाठ आहे, हे घरात सगळ्यात शेवटी तिच्या नवऱ्याला कळलं आणि इलाज सगळ्यात आधी त्यांनाच सुचला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. निमगाव सावाला आमचं एकत्र कुटुंब होतं आणि थोरल्या दिरांना, म्हणजे दादांना, उलट विचारायची पद्धत नव्हती.

न्हाणीत तिनं माझा हात धरून गाठीवर ठेवला होता. हरभऱ्याएवढी, टणक. "दुखत न्हाई गं, म्हंजे काय नसंल," ती म्हणाली. मी पुण्याला दाखवू म्हटलं, तर सासूबाई हसल्या.

आमच्याकडे बाळंतिणीला दुधाची गाठ धरली, की आंबेहळद उगाळून लावतात आणि वर तव्यावर गरम केलेलं एरंडाचं पान बांधतात. गाठ विरघळते. जावेचं शेंडेफळ तोवर शाळेत जायला लागलं होतं, दुधाचा थेंब उरला नव्हता. पण गाठ ती गाठ, आणि पान ते पान. महिनाभर बांधलं.

विरघळत नाही म्हटल्यावर ठरलं, की पिकवायची. गळू पिकतं, फुटतं, तशी ही फुटणार. कच्च्या गाठीला सुरी लागली की ती अंगभर पसरते, हे दादांना जुन्नरच्या बाजारात कुणीतरी सांगितलं होतं. बाजारात वांग्यांवर असलं ज्ञान फुकट मिळतं.

कांदा काढणीत पुण्याला जायला सवड नाही, असं म्हणणारे दादा मग घोडेगावला गेले, तिथून डोंगराची एसटी धरून तळेघरला, आणि पुढं पायी कुठल्याशा वाडीवरच्या वैदूकडे, गाठ पिकवायची मुळी आणायला. तेवढ्या वेळात पुण्याला दोनदा जाऊन येणं झालं असतं. मुळी वाटून लावायची आणि वरून फडक्यात गुंडाळलेल्या तापल्या विटेनं शेकायचं, असा त्या वैदूचा हुकूम होता.

कातडी लाल झाली. "पिकाय लागली," सासूबाई समाधानानं म्हणाल्या. मग फोड आले, तेव्हा दादांनी दोन पावण्यांना कौतुकानं सांगितलं. भाजणं आणि पिकणं यांतला फरक कळायला शिक्षण लागत नाही, एकदा तव्याला बोट लागलेलं असलं तरी पुरे. दादांचं कधी लागलं नव्हतं. जाऊ पदराचा बोळा तोंडात धरून बसायची आणि वीट उचलली की मला विचारायची, "फुटंल ना गं आता?" मला तिचा राग यायचा, आणि रागाहून जास्त भीती वाटायची.

शेवटी तिचा भाऊ जीप घेऊन आला आणि कुणाला न विचारता तिला पुण्याला घेऊन गेला. मी बरोबर होते. डॉक्टरीणबाईंनी फडकं सोडलं, फोड बघितले. मग म्हणाल्या, "ऑपरेशन करायचंय, पण ही भाजलेली कातडी बरी झाल्याशिवाय मला हात लावता येणार नाही." आम्ही कातडीसाठी थांबलो. गाठ थांबली नाही. ऑपरेशन झालं, औषधं झाली, केस गेले, आणि पुढच्या कांद्याला ती नव्हती.

यानंतर बऱ्याच वर्षांनी, घरात रंगीत टीव्ही आल्यावर, एकदा बातमी लागली. छातीच्या कॅन्सरवर शास्त्रज्ञ उष्णता आणि हळदीसारख्या वनस्पतींतले घटक एकत्र वापरून बघतायत. बातम्या देणारी बाई पुढं नीट सांगत होती, की उष्णता यंत्रानं मोजून द्यायची, हे सध्या प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर चाललंय, माणसावर सिद्ध व्हायचंय, नेहमीचे उपचार सोडायचे नाहीत. हे सगळं ती सांगत होती तेव्हा दादा दारात उभं राहून शेजाऱ्याला हाक मारत होते.

शेजारी आला, चहा झाला. दादा मांडी ठोकून बसले. "आमी येडे व्हतो का? जे सायंटिस्ट आता शोधत्यात, ते आमच्या घरात तवाच चाललं व्हतं." शेजाऱ्यानं मान डोलावली. मग आपल्या बायकोच्या आठवणीनं दादांचा आवाज खाली आला आणि ते म्हणाले, "आपलीच उष्णता जरा कमी पडली, दुसरं काय."

त्या घरात मी दादांना पहिल्यांदाच उलट बोलले. "तिला शेवटची आंघोळ मी घातलीय, दादा. उष्णता कुठंच कमी पडली नव्हती."